चांदीची घडण, शिसपेन्सिलीची रेघ

जुनी चांदी सराफाच्या काट्यावर ठेवली की तिचे फक्त वजन होते. भाव लागतो तो धातूचा. घट वजा होते, डाखाची तूट वजा होते आणि उरलेल्या ग्रॅमांचे पैसे हातात पडतात. ज्या कारागिराने तो गडवा पत्र्यातून ठोकून ठोकून वर उचलला, गळ्याला नेमका बाक दिला, काठ दुमडून जाड केला, त्याच्या कामाला त्या हिशेबात जागा नसते. घडणावळ घेताना द्यावी लागते आणि मोडताना परत मिळत नाही, हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. मुशीत गेल्यावर अत्तरदाणी, पंचपात्र आणि बाळाचे बोंडले सारखेच. पितळी हंडा माळ्यावर पडून राहतो, दगडी जाते अंगणात उलटे पडून राहते. चांदीची वस्तू घराबाहेर पडते ती मात्र बहुधा आटण्यासाठीच. म्हणून घरातल्या जुन्या चांदीची चित्रे वेळेत काढून ठेवणे हे मला निकडीचे काम वाटते, आणि हे पुस्तक त्या निकडीतूनच झाले आहे.

यातली चित्रे चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या घरांमधून गोळा झालेली आहेत. ती काढणारे बहुतेक जण शाळांतले चित्रकला शिक्षक आणि त्यांचे जुने विद्यार्थी आहेत. साधन एकच, शिसपेन्सिल. विषय असा आहे की त्याच्याकडे येणाऱ्या वाटा फार वेगवेगळ्या आहेत. कोणी चित्रकलेकडून येईल, कोणी इतिहासाकडून, कोणी आजीच्या देवघराकडून. या सगळ्यांना आधी मैदान दाखवावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

चंद्रपूर म्हटले की कोळसा, ताडोबा आणि गोंडकालीन परकोट आठवतो. चांदीच्या भांड्यांसाठी लोक पुण्याचे, नाशिकचे नाव घेतात, दागिन्यांसाठी कोल्हापूरजवळच्या हुपरीचे आणि शुद्ध चांदीसाठी आपल्याच विदर्भातल्या खामगावचे. पण चांदी जिथे घडते तिथेच ती वापरली जाते असे नाही. चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, ही गोंड राजांची राजधानी होती. १७५१ मध्ये ती नागपूरकर भोसल्यांकडे गेली. मे १८१८ मध्ये इंग्रज फौजेने वेढा घालून किल्ला घेतला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले आणि भोसल्यांच्या वाड्यातल्या चीजवस्तूंचा लिलाव झाला. राजघराण्यांची चांदी अशी पांगली. जी उरली ती दुसऱ्या फळीतल्या घरांत: मालगुजार, जमीनदार, सावकार, देवस्थानांचे पुजारी आणि पुढे वकील. इंग्रजांच्या जमीनबंदोबस्ताने मालगुजारांना गावांची मालकी दिली. चांदा जिल्ह्यात हे काम मेजर ल्युसी स्मिथ यांनी केले आणि १८६९ चा त्यांचा अहवाल आजही वाचण्यासारखा आहे. दक्षिणेला अहेरीसारखी विस्तीर्ण जमीनदारी होती. या घरांनी पुढच्या ऐंशी वर्षांत जी चांदी घडवून घेतली, तीच प्रामुख्याने या पुस्तकाचा विषय आहे. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, पण वस्तूंच्या बाबतीत हा मुलूख एकच धरावा लागतो.

एक मर्यादा इथेच सांगून टाकतो. भामरागड, एटापल्लीकडच्या माडिया घरात चांदी फडताळात नसते, ती अंगावर असते. घरात तुंबा, बांबूच्या टोपल्या, मातीची आणि पितळेची भांडी असतात. गळ्यातली, हातातली, पायातली चांदी हा वेगळा आणि मोठा विषय आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या चार खंडांत मध्य प्रांतातल्या दागिन्यांची तपशीलवार नोंद केली आहे, वेरियर एल्विन यांनी १९५१ मध्ये मध्य भारतातल्या आदिवासी कलेवर ग्रंथ लिहिला आहे. त्या कामाला हात घालायचा तर तो स्वतंत्रपणे आणि त्या समाजातल्या लोकांनीच घालावा, असे आमचे मत पडले. म्हणून दागिने इथे नाहीत.

मग घरगुती चांदीत येते काय? देवघरातले ताम्हन, पळी-पंचपात्र, निरांजन, देवांचे टाक. हळदीकुंकवाची कोयरी आणि करंडा. पानसुपारीचे तबक आणि त्यातला पानपुडा, चुनाळ, काताची डबी, चांदीच्या मुठीचा अडकित्ता. लग्नकार्यातली अत्तरदाणी आणि गुलाबदाणी. जेवणाचे ताट, वाटी, फुलपात्र, आणि ज्याला इकडे आम्ही गडवा म्हणतो तो तांब्या. बाळंतिणीच्या खोलीतले बोंडले आणि खुळखुळा. या वस्तूंचा धातू कुठून आला हे पाहिले तर मोठी गंमत दिसते. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया वजनाने बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी होती. घरधनी रुपये मोजून सोनाराच्या हवाली करायचा, सोनार ते आटवून पत्रा काढायचा. म्हणून जुनी माणसे भांड्याचे वजन ‘भारा’त सांगतात. चाळीस भाराचा गडवा म्हणजे चाळीस रुपये वजनाचा गडवा. ऐंशी तोळ्यांचा शेर धरला तर तो अर्धा शेर झाला. १९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला, आणि खणखणीत नाण्यातून भांडे घडवण्याची ही सोय संपली. त्यापाठोपाठ मालगुजारी निर्मूलनाचा १९५० चा कायदा आला, १९५१ मध्ये त्याची अंमलबजावणी झाली. उत्पन्न गेले, वाडे चालवणे अवघड झाले आणि वाड्यातली चांदी उलट्या वाटेने सोनाराकडे जाऊ लागली. मालगुजारी जाणे योग्यच होते. कुळांच्या कष्टावर उभी राहिलेली ती श्रीमंती होती आणि या भांड्यांकडे पाहताना ते विसरून चालणार नाही. पण भांडे घडवणारा सोनार मालगुजार नव्हता. त्याच्या हाताची नोंद व्हायला हवी.

भारतातल्या एकोणिसाव्या शतकातल्या चांदीकामाच्या शैली अभ्यासकांनी प्रांतवार लावल्या आहेत. कच्छच्या कामात पत्रा दिसूच नये इतकी दाट पानवेल असते. मद्रासकडे देवदेवतांच्या मूर्तींचे ‘स्वामी’ काम, लखनौकडे झाडी आणि जनावरे, काश्मीरकडे शालीवरची बुट्टी आणि चिनाराचे पान, बंगालमध्ये खेड्यातली दृश्ये, आणि पुण्याकडे खोल उठावाचे काम. भुजचे उमरसी मावजी, मद्रासची पी. ऑर अँड सन्स ही त्या व्यापारातली मोठी नावे. विनयार्ड विल्किन्सन यांचा १८५८ ते १९४७ या काळातल्या भारतीय चांदीवरचा ग्रंथ या विषयात आधार म्हणून घेतला जातो. पण ही विभागणी मुख्यतः साहेबाच्या टेबलासाठी घडलेल्या वस्तूंवरून झाली आहे: चहादाणी, दुधाचे भांडे, कार्ड ठेवायची डबी. आपल्या घरातला गडवा त्या नकाशात कुठेच बसत नाही. तो बहुधा साधा असतो. त्याची सगळी करामत आकारात आणि काठाच्या जाडीत असते. अशा साध्या चांदीवर फारसे लिहिले गेलेले नाही, आणि माझ्या मते खरी कसोटी तिचीच आहे. नक्षीखाली हातोडीचे ठोके लपवता येतात, सपाट पोटावर ते लपत नाहीत.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या चांदीवर तीन दिशांनी छाप पडलेली दिसते. उत्तरेकडून नागपूरची, दक्षिणेकडून तेलंगणाची आणि थोडीशी बिदरची. सिरोंच्याला गोदावरी ओलांडली की जुन्या करीमनगर जिल्ह्याचा मुलूख लागतो, आणि करीमनगरचे चांदीचे तारकाम प्रसिद्धच आहे. केसासारख्या बारीक तारा पिळून, वळवून, चौकटीत बसवून झाळलेल्या अत्तरदाण्या आणि पानाचे डबे सिरोंचा-अहेरी भागातल्या जुन्या घरांत भेटतात. बिदरी कामात काळ्या मिश्रधातूत चांदीची पट्टी आणि तार ठोकून बसवलेली असते. त्याचे नमुने इथे थोडेच आहेत, पण चित्रकाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत, कारण तिथे सगळे उलटे होते. पेन्सिलीने अंग भरत जायचे आणि नक्षीचा कागद कोरा राखायचा.

आता चित्रांकडे वळू. वस्तूचे चित्र काढायची आपल्याकडची संघटित सुरुवात १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेपासून धरतात. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची शिस्त तिथे आली. आधी रेघ, मग नक्षीचा तुकडा, मग प्लास्टरचे साचे. ‘अँटिक’ या वर्गात विद्यार्थी ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून छाया-प्रकाशाचा अभ्यास करीत. मराठी मुले अपोलोचे नाक महिनोन्‌महिने घोटत होती तेव्हा त्यांच्या स्वतःच्या घरात शंभर वर्षांचे पंचपात्र रोज पूजेला निघत होते. त्याकडे ‘अँटिक’ म्हणून पाहायला कोणी शिकवले नाही. याचा अर्थ त्या शाळेने काही दिले नाही असा नव्हे. १८६५ ते १८७५ तिथे शिकवणारे लॉकवुड किपलिंग हिंदुस्थानी कारागिराच्या बाजूने उभे राहणारे गृहस्थ होते. त्यांनी कारागिरांची काम करतानाची चित्रे काढली, आणि पुढे लाहोरला गेल्यावर १८८४ पासून निघालेल्या ‘जर्नल ऑफ इंडियन आर्ट’मध्ये भांडी, दागिने, कापड यांची काटेकोर चित्रे छापली. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेले. १८९१ मध्ये रे आर्ट वर्कशॉप्स सुरू झाल्या आणि धातुकाम प्रत्यक्ष शाळेत आले. त्याच परंपरेतल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी मराठी घरातले सणवार आणि बायामाणसे इतक्या आस्थेने रेखाटली की त्यांच्या चित्रांतून जुन्या भांड्यांचे आकारही मिळतात.

दुसरी परंपरा पुरातत्त्वाची. तिचे आपल्याकडचे घर म्हणजे पुण्याचे डेक्कन कॉलेज. डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतर जोर्वे, नाशिक, नेवासे इथे उत्खनने केली तेव्हा मातीच्या भांड्यांची हजारो रेखाचित्रे झाली. या पद्धतीत मधोमध अक्षरेषा घालतात, एका बाजूला भांड्याचा छेद दाखवतात आणि दुसऱ्या बाजूला बाहेरचे अंग. सौंदर्याचा आव नाही, छाया नाही, मापात तडजोड नाही. जोर्व्याचे तोटीचे भांडे आज विद्यार्थी पाहताक्षणी ओळखतात ते अशा चित्रांमुळे. या पुस्तकाने मापाची शिस्त तिथून घेतली आहे.

तिसरे उदाहरण परदेशातले, पण आमच्या कामाशी त्याचे नाते सगळ्यांत जवळचे. महामंदीत अमेरिकेत हजारो चित्रकार बेकार झाले. सरकारने १९३५ मध्ये ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ नावाचे काम काढले आणि शेकडो चित्रकारांना देशातल्या जुन्या घरगुती वस्तूंची चित्रे काढायला लावले: गोधड्या, खेळणी, कुलपे, खुर्च्या, चांदीच्या चहादाण्या. १९४२ पर्यंत सुमारे १८,००० चित्रे झाली. ती आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात आहेत. बहुतेक जलरंगात आहेत, पण चांदीच्या अनेक वस्तू निव्वळ पेन्सिलीत काढल्या आहेत, आणि ते अगदी योग्यच होते. चांदीला स्वतःचा रंग जवळजवळ नाही. समोर जे असेल ते ती दाखवते. म्हणून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पेन्सिलीची उतरंड तिला पुरते.

महाराष्ट्रात घरगुती वस्तूंना मान मिळवून दिला तो दिनकर गंगाधर केळकरांनी. चष्म्यांचा व्यवसाय सांभाळून, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहून, हा माणूस गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे आणि दौती गोळा करीत राहिला. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी उभारलेले राजा दिनकर केळकर संग्रहालय १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द झाले. वीस हजारांवर वस्तूंचा तो संग्रह पाहिल्याशिवाय या विषयातल्या माणसाचे शिक्षण पूर्ण होत नाही. पण केळकरांनी वस्तू आणल्या. प्रत्येक गावाला संग्रहालय मिळणार नाही, प्रत्येक घर वस्तू देणार नाही, आणि देऊही नये. घरात चाललेल्या पूजेतले ताम्हन काचेच्या कपाटात नेण्यात शहाणपणा नाही. अशा वेळी चित्र कामाला येते. वस्तू जागची हलत नाही आणि तिचा आकार सगळ्यांचा होतो.

फोटो का नाही, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. फोटो काढावाच, आम्हीही संदर्भासाठी काढले. पण दृश्य प्रकाश परतवण्यात सगळ्या धातूंत चांदीचा पहिला नंबर लागतो. उजळलेल्या गडव्याचा फोटो काढला की त्यात खिडकी येते, पंखा येतो, फोन धरलेला हात येतो आणि गडव्याचे अंग त्या गर्दीत हरवते. डोळा हे सगळे बाजूला सारून आकार ओळखतो, पण कॅमेरा सगळ्याला सारखेच महत्त्व देतो. पेन्सिल धरणाऱ्याला प्रत्येक रेघेला ठरवावे लागते की हे प्रतिबिंब वस्तूचा बाक सांगते की नुसतेच आले आहे. पहिले ठेवायचे, दुसरे सोडायचे.

चांदीचे चित्र नवख्याच्या हातून फसते ते राखाडीमुळे. चांदी राखाडी दिसते असे समजून तो सगळ्या भांड्यावर मधला करडा हात फिरवतो आणि कागदावर ॲल्युमिनियमचे भांडे तयार होते. प्रत्यक्षात उजळ चांदीवर मधल्या छटा फार कमी असतात. गडद काळा आणि कोरा पांढरा यांची सीमा सुरीने कापल्यासारखी असते. त्यामुळे ६बी पेन्सिलीचा गडद भाग आधी, भीडभाड न ठेवता भरावा लागतो. पांढरे म्हणजे कागद, तो शेवटपर्यंत राखायचा. खोडरबराने मागाहून काढलेला उजेड मळकाच दिसतो. काठाचे लंबवर्तुळ, मग पोटातले, मग बुडाचे, हे तिन्ही एकाच अक्षावर बसले नाहीत तर भांडे कलंडते. पुस्तकातला एक गडवा नीट पाहावा. त्याच्या पोटावर डाव्या बाजूला एक पोचा आहे. चित्रकाराने तिथे छाया दिलेलीच नाही. वरून खाली येणारी खिडकीची पांढरी पट्टी त्या जागी किंचित आत वळते, अरुंद होते आणि पुन्हा सरळ होते. एवढ्याने पोच्याची खोली कळते. तारकामाच्या अत्तरदाणीत युक्ती वेगळी. तार काढायला गेले तर हात थकतो आणि जाळीचा गुंता होतो. म्हणून तारांमधली भोके काढायची. बारीक टोकाने ते काळे ठिपके आणि त्रिकोण भरत गेले की तार आपोआप उरते.

पेन्सिल आणि चांदी यांचा संबंध याहून जुना आहे. ग्राफाइटची पेन्सिल येण्याआधी युरोपातले चित्रकार चांदीच्या तारेनेच चित्र काढीत. हाडांची भुकटी किंवा पांढरी माती लावून कागद खरखरीत केला की तार त्यावर झिजते आणि करडी रेघ उमटते. काही काळाने ती हवेने काळवंडून तपकिरी होते. ड्यूररने १४८४ मध्ये, तेरा वर्षांचा असताना, आरशात पाहून स्वतःचे चित्र काढले ते याच पद्धतीने. ते व्हिएन्नामध्ये आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेलला शुद्ध ग्राफाइटची खाण लागली, १७९५ मध्ये फ्रान्सच्या कोंते यांनी ग्राफाइटमध्ये चिकणमाती मिसळून भाजण्याची रीत काढली, आणि कठीण-मऊ असे पेन्सिलीचे नंबर शक्य झाले. आज खेड्यातल्या दुकानातही पाच-दहा रुपयांत जी पेन्सिल मिळते ती त्याच रीतीची.

देवांच्या टाकांबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण चांदीचे दुसरे काही नसलेल्या घरातही टाक असतात. चांदीचा पातळ पत्रा राळेवर बसवून, मागून-पुढून ठशांनी ठोकून देवाची आकृती उठवलेली असते. खंडोबा, भवानी, चंद्रपूरकडे महाकाली, शिवाय घरातले पूर्वज. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, लोक चंद्रपूरला लोटतात, ते कुलदैवताच्या ओढीने. रोजचे स्नान, रोजचे पुसणे, रोजचे गंध यांनी टाक झिजतो. आधी नाक जाते, मग डोळे, शेवटी चेहऱ्याच्या जागी गुळगुळीत उंचवटा राहतो. मग घरात कार्य निघाले की टाक उजळून घेतात, म्हणजे पुष्कळदा जुने देऊन नवे घडवतात. नवे टाक साच्यातले, सगळ्या घरांत सारखे. झिजलेल्या टाकाचे चित्र काढताना मोह होतो तो गेलेला चेहरा आठवून भरण्याचा. आम्ही तो टाळला आहे. चेहरा नसेल तर चित्रातही नाही. काही टाकांवर पातळ कागद ठेवून, पेन्सिल आडवी फिरवून ठसाही घेतला आहे. लहानपणी नाण्याचा घेतो तसाच. हाताने काढलेले चित्र आणि ठसा शेजारी ठेवले की चित्रकाराचा डोळा कुठे घसरला तेही दिसते, आणि ते दिसावे म्हणूनच दोन्ही छापले आहेत.

आणखी एक वाद आमच्यात बराच चालला: भांडे उजळून काढायचे की काळवंडलेले? चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. चंद्रपूर कोळशाचे शहर आहे, कोळसा जळतो तिथे गंधकही हवेत जातो, आणि इथल्या घरांत चांदी लवकर काळवंडते अशी तक्रार जुनीच आहे. चिंच, रांगोळी, रिठा यांनी घासले की ती लखलखते. पण प्रत्येक घासणीत चांदीचा एक अतिसूक्ष्म थर जातो आणि खोदकामाच्या कडा बोथट होतात. खाचांत साठलेला काळेपणा हा नक्षीचा मित्र असतो. त्याच्यामुळे रेघ वाचता येते, आणि कोणता भाग हाताळला गेला, कोणता नाही, हेही कळते. म्हणून वस्तू जशी मिळाली तशी काढावी, चित्रासाठी घासू नये, असे ठरले. काही घरधनिणींना हे पटले नाही. पाहुण्यांसमोर काळे भांडे ठेवायचे म्हणजे त्यांना संकोच वाटत होता. त्यांच्या भांड्यांची चित्रे उजळलेलीच आहेत, आणि तशी नोंद त्या चित्रांखाली आहे.

हे सगळे आजच का, याला कारण आहे. २०२५ मध्ये चांदीचा भाव किलोला एक लाख रुपयांच्या पुढे गेला. आजवर ‘विकून येणार तरी किती’ म्हणून राहिलेली भांडी त्या भावाने सराफाकडे ओढली गेली. औषधपाण्याला, मुलांच्या शिक्षणाला कोणी घरातली चांदी मोडली तर त्याला नावे ठेवायचा अधिकार कोणालाच नाही. चांदी अडचणीलाच असते. दुसरे कारण वाटण्यांचे. पानाचे तबक थोरल्याकडे, पानपुडा मधल्याकडे, अडकित्ता बहिणीकडे, चुनाळ कोणाकडे ते आठवत नाही. एकेक वस्तू सुटी पडली की तिचा अर्थ अर्धा होतो. या पुस्तकात असा एक पानाचा सरंजाम वेगवेगळ्या गावांतल्या घरांतून मापे घेऊन एकाच पानावर, एकाच प्रमाणात मांडला आहे. त्या कुटुंबाने तो एकत्र असा पहिल्यांदाच पाहिला.

पुस्तकाची मांडणी वस्तूच्या वापरानुसार आहे, घराण्यानुसार नाही. घरांची आणि माणसांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. चांदी घरात आहे हे छापून जाहीर करणे कोणाच्याच हिताचे नाही. तालुका, अंदाजे काळ, उंची, काठाचा व्यास आणि वजन एवढे प्रत्येक चित्राखाली आहे. शक्य तिथे चित्र मूळ आकाराचे आहे. भांड्यावर कोरलेली नावे मात्र कोरलेली आहेत तशी, पण आडनाव झाकून उतरवली आहेत. काही देवनागरीत, काही मोडीत, सिरोंच्याकडची काही तेलुगूत. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका सुधारलेल्या नाहीत. छिन्नीने ठिपके देत नाव घालणाऱ्याच्या हाताची ती खूण आहे. हा सौंदर्याचा अल्बम नाही आणि किंमत ठरवण्याची मार्गदर्शिकाही नाही. चित्रांचा दर्जाही सारखा नाही. काही हात फार तयारीचे आहेत, काही अजून शिकणारे. आम्ही कोणाचे चित्र केवळ कच्चे म्हणून वगळले नाही. मापे चुकली असतील तरच परत पाठवले.

महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांना दरवर्षी मुले मोठ्या संख्येने बसतात. एलिमेंटरीच्या वस्तुचित्रासाठी पेन्सिल घेऊन भांडे, पेला, बादली काढण्याचा सराव गावोगावच्या शाळांत चालतो. हात तयार आहेत, वर्ग तयार आहेत. चित्रकला शिक्षकांना माझी विनंती आहे की सरावाला प्लॅस्टिकचा मग ठेवता तिथे महिन्यातून एकदा एखादे जुने भांडे ठेवा. चांदीचे शाळेत आणणे धोक्याचे वाटले तर मुलांना ते घरीच, आजीच्या समोर बसून काढायला सांगा.

आणि वाचकांना एवढेच सांगतो. घरातली जुनी चांदीची वस्तू मोडायला निघाला असाल तर आदल्या रात्री तिचे चित्र काढा. चित्रकार असण्याची गरज नाही. कागदावर वस्तू ठेवून बुडाचा घेर आखा, बाजूने एक आकृती काढा, वरून एक. उंची, काठ आणि वजन लिहा. कोरलेले अक्षर न अक्षर उतरवा. ती कोणाच्या लग्नातली, कोण वापरत होते, हे घरात विचारून खाली लिहा आणि तारीख घाला. मूल, आरमोरी, कुरखेडा आणि धानोरा या तालुक्यांतली चित्रे या आवृत्तीत फार थोडी आहेत. तिकडच्या वाचकांनी आपली चित्रे आमच्यापर्यंत पोहोचवली तर पुढच्या आवृत्तीत त्यांना पहिली जागा मिळेल.